लॉगऑफ केल्यावरही सर्व्हर ॲप्लिकेशन चालू कसं ठेवायचं: विंडोजसाठी सविस्तर मार्गदर्शन

फोर्टमधलं सीएचं ऑफिस असो, मस्जिद बंदरचा ट्रान्सपोर्टवाला असो की अंधेरी एमआयडीसीतलं छोटं युनिट, कोपऱ्यातल्या एखाद्या मॉनिटरवर हा कागद चिकटवलेला सापडतोच: 'हा पीसी बंद करू नये. काळी विंडो बंद करू नये.' त्या काळ्या विंडोत बिलिंगचा सर्व्हर, एखादी पायथन स्क्रिप्ट किंवा वेबसाइटचा बॅकएंड चालू असतो, आणि तो चालतो कुणा एकाच्या लॉगिनवर. अपडेटमुळे मशीन रीस्टार्ट झालं की ते लॉगिनच्या स्क्रीनवर येऊन थांबतं. मग पासवर्ड माहीत असलेला माणूस विरारहून येईपर्यंत काम ठप्प. जुलैत लोकल बंद पडल्या तर तोही येत नाही.

असा प्रोग्राम माणसाच्या लॉगिनमधून काढून मशीनच्या हवाली करायचा, एवढंच हे काम आहे. खालच्या पायऱ्या विंडोज १०, ११ आणि सर्व्हर आवृत्त्यांसाठी आहेत. मेनूतली नावं इंग्रजी विंडोजमध्ये जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

आधी डिस्कनेक्ट आणि साइन आउट यांतली गल्लत मिटवू

रिमोट डेस्कटॉपची (दुसऱ्या पीसीचा स्क्रीन दुरून दाखवणारी) विंडो वरच्या फुलीवर क्लिक करून बंद केली तर सेशन, म्हणजे तुमचं लॉगिन आणि त्यातले चालू प्रोग्राम, फक्त डिस्कनेक्ट होतं. प्रोग्राम आत चालूच राहतो. साइन आउट (म्हणजेच लॉगऑफ किंवा लॉगआउट) केलं तर त्या सेशनमधले सगळे प्रोग्राम विंडोज बंद करतं. बरेच जण महिनोन्‌महिने फुलीवरच भागवतात आणि 'लॉगआउट करूनही आपलं चालतं' अशा समजुतीत राहतात. ते लॉगआउट नसतंच. पुढे कुणीतरी ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या मशीनभर लागू होणाऱ्या नियमांत) डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला वेळेची मर्यादा घालतं, किंवा विंडोज सर्व्हरवर ॲडमिनसाठी असलेली दोन सेशन्स भरली म्हणून तिसरा माणूस जुनं सेशन उडवतो, आणि बिलिंग बंद पडतं.

काळ्या विंडोचा आणखी एक छुपा त्रास आहे. कन्सोलमध्ये, म्हणजे त्या काळ्या विंडोत, माउसने मजकूर निवडू देणारा क्विक एडिट मोड चालू असेल आणि कुणाचा माउस चुकून आत क्लिक झाला, तर विंडोज त्याला मजकूर निवडणं समजतं आणि आउटपुट रोखून धरतं. प्रोग्राम पुढची ओळ छापायला जातो आणि तिथेच अडकतो. एररही येत नाही. एंटर किंवा एस्केप दाबलं की गाडी पुन्हा सुरू! 'सर्व्हर मधूनच हँग होतो, एंटर दाबलं की चालतो' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

सर्व्हिस म्हणजे काय, आणि विंडो का दिसत नाही

विंडोज सर्व्हिस म्हणजे पाठीमागे चालणारा प्रोग्राम. ती मशीन सुरू होताना चालू होते, तिला लॉगिन लागत नाही. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सर्व सर्व्हिसेस सेशन शून्यमध्ये चालतात आणि माणसांची लॉगिन्स सेशन एकपासून पुढे सुरू होतात. सेशन शून्यचा डेस्कटॉप तुम्हाला दिसत नाही. म्हणून सर्व्हिसने 'ओके'चं बटण असलेला मेसेज बॉक्स दाखवला तर तो दाबायला तिथे कुणीही नसतं आणि प्रोग्राम त्या बटणाची वाट पाहत बसतो. प्रोग्राम सर्व्हिस करण्यापूर्वी तो काहीही न विचारता सुरू होतो का, हे पाहून घ्या. लायसन्सची आठवण, नव्या आवृत्तीची सूचना, पासवर्ड विचारणारी खिडकी, हे सगळं सेटिंगमधून बंद करा.

एक्सेल किंवा वर्ड पाठीमागे उघडून रिपोर्ट बनवणाऱ्या स्क्रिप्टांनी मात्र इथे फार आशा ठेवू नये. ऑफिस असं सर्व्हिसमधून चालवायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि तो का नाही हे अडकलेल्या एक्सेलच्या प्रक्रिया टास्क मॅनेजरमध्ये साचू लागल्या की कळतं. एक्सेलची फाइल थेट लिहिणारी लायब्ररी वापरा.

मार्ग पहिला: कुठलाही प्रोग्राम सर्व्हिस करणं

एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, टॉमकॅट यांसारखी सॉफ्टवेअर्स इन्स्टॉल होतानाच सर्व्हिस म्हणून बसू शकतात. तुमच्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये तशी सोय असेल तर तीच घ्या. साधा ईएक्सई, जार (जावाचा प्रोग्राम) किंवा स्क्रिप्ट असेल तर ती थेट सर्व्हिस म्हणून नोंदवून चालत नाही. विंडोजचा सर्व्हिस मॅनेजर प्रोग्रामकडून 'मी सुरू झालो' असं उत्तर मागतो. ३० सेकंदांत ते आलं नाही की एरर १०५३ देऊन तो हात झटकतो. साध्या प्रोग्रामला ही भाषा येत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. एनएसएसएम आणि विनएसडब्ल्यू हे दोन्ही मोफत आणि चांगले आहेत. सेटिंग्ज एक्सएमएल फाइलमध्ये जपून दहा मशीनवर तशीच बसवायची असतील तर विनएसडब्ल्यू घ्या. एकाच मशीनसाठी एनएसएसएम सोपा, कारण त्याला खिडकी आहे. त्याची स्थिर आवृत्ती २.२४ ही २०१४ मधली आहे. विंडोज १० आणि त्यापुढच्या मशीनवर २.२४-१०१ ही चाचणी आवृत्ती घ्या, जुन्या आवृत्तीत सर्व्हिस सुरू न होण्याची अडचण येते.

१. सी ड्राइव्हवर नावात स्पेस नसलेलं फोल्डर करा, उदाहरणार्थ 'ॲप्स' आणि त्याच्या आत 'बिलिंग'. प्रोग्राम आणि एनएसएसएम दोन्ही तिथे ठेवा. डेस्कटॉप किंवा डाउनलोड्समध्ये ठेवू नका, ती फोल्डर्स एका युजरच्या मालकीची असतात.

२. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. त्या फोल्डरमध्ये जाऊन एनएसएसएम, मग इन्स्टॉल, मग सर्व्हिसचं नाव टाइप करा. खिडकी उघडेल.

३. ॲप्लिकेशन टॅबमध्ये 'पाथ'मध्ये जावा, नोड किंवा पायथनचा ईएक्सई पूर्ण पत्त्यासह द्या. 'स्टार्टअप डिरेक्टरी'मध्ये तुमचं बिलिंग फोल्डर. 'आर्ग्युमेंट्स'मध्ये जार किंवा स्क्रिप्टचं नाव. स्टार्टअप डिरेक्टरी नीट दिली नाही तर प्रोग्राम आपली कॉन्फिग फाइल भलत्याच फोल्डरमध्ये शोधतो आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून बंद पडतो. थेट नोंदवलेल्या सर्व्हिसचं कामाचं फोल्डर तर विंडोजचं सिस्टम-३२ असतं.

४. आय-ओ टॅबमध्ये आउटपुट आणि एरर या दोन्ही रकान्यांत लॉग फाइलचा पत्ता द्या. फाइल रोटेशन टॅबमध्ये रोटेशन चालू करून आकाराची मर्यादा घाला. डिस्क भरली की डेटाबेसही थांबतो, आणि तेव्हा दोष लॉग फाइलचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

५. इन्स्टॉल सर्व्हिस दाबा. विंडोज आणि आर एकत्र दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा, नाव शोधा, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' आहे याची खात्री करा आणि स्टार्ट करा.

पायथनच्या बाबतीत आर्ग्युमेंटमध्ये सुरुवातीला वजा चिन्ह आणि छोटा यू द्या. नाहीतर प्रिंट केलेल्या ओळी बफरमध्ये साचतात आणि लॉग फाइल तासभर रिकामी दिसते. पायथन 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करूनच बसवा. एकट्याच्या प्रोफाइलमध्ये टाकलेली पॅकेजेस दुसऱ्या खात्याला दिसत नाहीत. नोडचंही तेच: एनपीएमने 'ग्लोबल' म्हणून टाकलेलं पॅकेज प्रत्यक्षात त्या युजरच्या ॲपडेटामध्ये जाऊन बसतं.

जावाचा एक खास प्रकार आहे. सर्व्हिस व्यवस्थित चालू असते, कुणीतरी मशीनवर लॉगिन करून काम उरकतो, लॉगऑफ करतो आणि त्याच क्षणी जावा बंद पडतो. लॉगऑफचा संकेत सर्व्हिसमध्ये चालणाऱ्या जावालाही पोहोचू शकतो आणि तो आपल्यासाठीच आहे असं समजून जावा आवरतं घेतो. आर्ग्युमेंट्समध्ये जार फाइलच्या आधी वजा चिन्ह, मोठा एक्स, छोटा आर, छोटा एस हा पर्याय द्या. मग जावा त्या संकेताकडे दुर्लक्ष करतो.

खातं कोणतं द्यायचं

सगळ्यात जास्त अडचणी इथे येतात, म्हणून घाई करू नका. नवी सर्व्हिस लोकल सिस्टमवर बसते. हे खातं मशीनवर जवळपास काहीही करू शकतं. पोर्टवर बाहेरच्या जोडण्या घेणाऱ्या प्रोग्रामला एवढी ताकद देणं म्हणजे त्यातली एक चूक सगळं मशीन घालवणार.

प्रोग्रामचं सगळं काम त्याच मशीनवर असेल तर व्हर्च्युअल खातं उत्तम. सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉग ऑन टॅब, 'धिस अकाउंट', तिथे एनटी सर्व्हिस, उलटी तिरपी रेघ आणि सर्व्हिसचं नाव. पासवर्डचे दोन्ही रकाने रिकामे ठेवा. मग बिलिंग फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये हेच नाव जोडून 'मॉडिफाय' परवानगी द्या. या खात्याला पासवर्डच नसल्यामुळे तो संपतही नाही.

दुसऱ्या पीसीवरच्या किंवा नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवरच्या) शेअरमधून फाइल घ्यायची असेल तर गोष्ट बदलते. डोमेन (सगळ्या पीसींची खाती एका सर्व्हरवरून चालवणारी व्यवस्था) असेल तर व्हर्च्युअल खातं नेटवर्कवर मशीनच्या नावाने ओळख देतं, आणि शेअरवर त्या मशीनला परवानगी देता येते. सर्व्हर २०१२ पासून ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटही आहे, त्याचा पासवर्ड डोमेन स्वतःच बदलत राहतं. पण मुंबईतल्या पाच-दहा पीसींच्या ऑफिसांत बहुतेक ठिकाणी डोमेन नसतं, साधा वर्कग्रुप असतो. तिथे दोन्ही मशीनवर एकाच नावाचं आणि एकाच पासवर्डचं वेगळं युजर खातं तयार करा, 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' टिक करा आणि सर्व्हिसला ते द्या. मालकाचं किंवा अकाउंटंटचं रोजचं खातं देऊ नका. विंडोजमध्ये पासवर्डची कमाल मुदत मुळात ४२ दिवसांची असते. तो बदलल्यावर चालू सर्व्हिस तशीच चालत राहते आणि पुढच्या रीस्टार्टला एरर १०६९ देऊन थांबते. बदल आणि बिघाड यांत कधी कधी महिन्याचं अंतर पडतं, त्यामुळे कारण कुणाला आठवत नाही.

खातं बदललं की काही सवयीच्या वस्तू गायब होतात. झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेलं फोल्डर सर्व्हिसला दिसत नाही, कारण मॅपिंग लॉगिनपुरतं असतं. कॉन्फिगमध्ये दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा, मशीनचं नाव आणि शेअरचं नाव असलेला पूर्ण पत्ता द्या. डेटाबेसशी जोडणी ओडीबीसीतून असेल तर 'युजर डीएसएन' (एका युजरपुरती नोंदवलेली जोडणी) चालणार नाही, 'सिस्टम डीएसएन' करा. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर तो डीएसएन ३२ बिटच्या ओडीबीसी खिडकीतच बनवावा लागतो. युजरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्राम विंडोजकडून वाचतो ती मूल्यं) सिस्टममध्ये हलवा आणि त्यानंतर मशीन एकदा रीस्टार्ट केलेलं बरं. डिफॉल्ट प्रिंटर आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपलेले पासवर्डही प्रत्येक खात्याचे वेगळे.

फायरवॉलचंही लक्षात ठेवा. लॉगिनमध्ये प्रोग्राम प्रथम चालवताना 'अलाऊ ॲक्सेस' विचारणारी खिडकी येते. सर्व्हिसच्या वेळी ती येत नाही, नियम नसेल तर बाहेरून येणारी जोडणी निमूटपणे अडवली जाते. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत इनबाउंड रूल करून पोर्ट उघडा, आणि ऑफिसचं नेटवर्क 'पब्लिक' नव्हे, 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलं आहे ना ते पाहा.

पडल्यावर उठणं

सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये पहिल्या, दुसऱ्या आणि त्यानंतरच्या बिघाडांसाठी 'रीस्टार्ट द सर्व्हिस' निवडा, मध्ये एक मिनिट ठेवा, 'रिसेट फेल काउंट' एक दिवसावर आणा. 'एनेबल ॲक्शन्स फॉर स्टॉप्स विथ एरर्स' हेही टिक करा. नाहीतर एरर कोड देऊन शिस्तीत बंद झालेल्या सर्व्हिसला विंडोज बिघाड मानत नाही. पण एनएसएसएम वापरत असाल तर हा टॅब फक्त एनएसएसएमवर लक्ष ठेवतो, आतल्या प्रोग्रामवर नाही. आतला प्रोग्राम पडला तर काय करायचं ते एनएसएसएमच्या एक्झिट ॲक्शन्स टॅबमध्ये ठरतं. तिथे मुळात रीस्टार्टच असतं, मधली विश्रांती तेवढी वाढवा.

प्रोग्राम डेटाबेसवर अवलंबून असेल तर एनएसएसएमच्या डिपेन्डन्सीज टॅबमध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव द्या. दिसायचं लांबलचक नाव नको, प्रॉपर्टीजमध्ये 'सर्व्हिस नेम' म्हणून असतं ते. तरीही डेटाबेसची सर्व्हिस सुरू झाली म्हणजे तो जोडणी घ्यायला तयार आहे असं नाही. प्रोग्रामने पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला हवेत. तो तसा लिहिलेला नसेल तर स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' करा, म्हणजे इतर सर्व्हिसेसनंतर साधारण दोन मिनिटांनी तो सुरू होईल.

मार्ग दुसरा: टास्क शेड्युलर

रात्री एकदा चालून संपणाऱ्या कामांसाठी, म्हणजे बॅकअप, रिपोर्ट किंवा फाइल पाठवणं यासाठी टास्क शेड्युलर योग्य. जनरल टॅबमध्ये 'रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' टिक केलं तर टास्कला फक्त त्याच मशीनवरच्या गोष्टी मिळतात, शेअर मिळत नाही. ॲक्शनमधल्या 'स्टार्ट इन' रकान्यात फोल्डरचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय द्या.

दिवसरात्र चालणारा सर्व्हरही 'ॲट स्टार्टअप' ट्रिगरने इथून चालवता येतो, पण सुरुवातीची सेटिंग्ज त्याच्या विरोधात आहेत. सेटिंग्ज टॅबमध्ये तीन दिवसांहून जास्त चाललेलं टास्क थांबवण्याची टिक आधीच केलेली असते. दर तीन दिवसांनी 'आपोआप' बंद पडणारा सर्व्हर दिसला की आधी इथे बघा. कंडिशन्स टॅबमध्ये मशीन बॅटरीवर गेलं की टास्क थांबवण्याची टिक असते. डेस्कटॉपला काय त्याचं, असं वाटेल. पण यूपीएस यूएसबीने जोडलेला असेल तर विंडोज त्यालाच बॅटरी समजतं, आणि वीज गेल्यावर ज्या कामासाठी यूपीएस घेतला तेच काम बंद करतं! दोन्ही टिक काढा. शिवाय टास्कची प्रायोरिटी मुळात ७ असते, म्हणजे सामान्यहून खालची. ती खिडकीतून बदलत नाही, टास्क एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करून, आकडा बदलून परत इम्पोर्ट करावं लागतं. एवढे सोपस्कार करण्यापेक्षा सर्व्हिस बरी.

'लास्ट रन रिझल्ट'मध्ये शून्य-एक्स-एक दिसलं तर बहुधा पत्ता किंवा स्टार्ट इन चुकलं आहे. शून्य-एक्स-४१३०१ म्हणजे टास्क अजून चालू आहे, ती एरर नाही.

विंडोशिवाय न चालणारा हट्टी प्रोग्राम

जुनं सॉफ्टवेअर विंडो उघडल्याशिवाय चालतच नसेल तर ऑटो लॉगिन हा शेवटचा पर्याय. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या ऑटोलॉगॉन या साधनाने करा, ते पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवतं. रजिस्ट्रीत हाताने लिहिलेला पासवर्ड उघडा राहतो. खातं साधं ठेवा, ॲडमिनचं नको. लॉगिन होताच स्क्रीन लॉक करणारं टास्क जोडा, लॉक झाल्यावरही प्रोग्राम चालू राहतो. स्क्रीनवरच्या बटणांवर माउस फिरवणारी मॅक्रो मात्र लॉक झालेल्या स्क्रीनवर चालत नाहीत.

आयआयएसवर (विंडोजच्या स्वतःच्या वेब सर्व्हरवर) चालणाऱ्या साइटला यातलं काहीच लागत नाही, ती मुळात सर्व्हिसच आहे. फक्त २० मिनिटं कुणी आलं नाही की ॲप्लिकेशन पूल (साइट चालवणारी प्रक्रिया) झोपतो, आणि सकाळचा पहिला ग्राहक ताटकळतो. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये आयडल टाइम-आउट शून्य करा, स्टार्ट मोड 'ऑलवेजरनिंग' करा.

मशीन स्वतः उठलं पाहिजे

सर्व्हिस कितीही नीट बसवा, मशीनच बंद असेल तर काय? १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबईची वीज गेली. अशा खंडानंतर वीज परतली की पीसी कुणी बटण न दाबता सुरू व्हायला हवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तत्सम नावाचं सेटिंग शोधून 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' नको, कारण यूपीएसच्या सॉफ्टवेअरने मशीन शिस्तीत बंद केलं असेल तर शेवटची स्थिती 'बंद' हीच असते.

यूपीएसची आणखी एक खोच आहे. सॉफ्टवेअरने पीसी बंद केला, पण बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज आली, तर पीसीच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती. तो बंदच राहतो. म्हणून यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये शटडाउननंतर आउटपुटही तोडण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर राउटरवरून वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून पीसी चालू करणारा संकेत) पाठवण्याची सोय करा.

पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेट होतं, आणि 'बंद करून चालू केलं तरी तेच' असा गोंधळ होतो. डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या बिटलॉकरला सुरुवातीचा पिन लावला असेल तर मशीन त्या पिनपाशीच अडेल. विंडोज अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात, उरलेल्या सहा तासांत रीस्टार्ट होणार हे धरून चाला. रात्रीचा बॅकअप त्या वेळेत ठेवू नका. मुंबई रीजनमध्ये घेतलेलं क्लाउड मशीनसुद्धा अनेकदा यूटीसी घड्याळावर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) मिळतं. टाइम झोन बदलला नाही तर रात्री एकचा बॅकअप सकाळी साडेसहाला सुरू होतो. आणि तळमजल्यावरच्या ऑफिसात पीसी आणि यूपीएस दोन्ही जमिनीवरून उचलून ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता.

चाचणी

मशीन रीस्टार्ट करा आणि लॉगिन करू नका. पाच मिनिटांनी दुसऱ्या पीसीवरून किंवा ऑफिसच्या वायफायवरच्या मोबाइलवरून ॲप्लिकेशन उघडा. उघडलं तर मशीनवर लॉगिन करा, साइन आउट करा आणि पुन्हा बाहेरून तपासा. मग टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमधून प्रोग्रामची प्रक्रिया मारा आणि ती परत येते का पाहा. ही चाचणी शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर करा, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नको.

काही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम, आणि सोर्स 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'. ७०३१ किंवा ७०३४ म्हणजे सर्व्हिस अचानक पडली. ७००९ म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही. ७००० म्हणजे सुरूच झाली नाही, आणि कारण तिथेच लिहिलेलं असतं. याच सिस्टम लॉगमध्ये, पण वेगळ्या सोर्सखाली, ६००८ दिसलं तर दोष प्रोग्रामचा नाही, मशीनच अचानक बंद झालं होतं. तसंच १०७४ मध्ये कुणी किंवा कशाने रीस्टार्ट केलं त्याचं नाव मिळतं.

लिनक्स असेल तर

टीमक्स किंवा नोहप या साधनांनी चालवलेला प्रोग्राम लॉगआउटनंतर टिकतो, पण रीस्टार्टनंतर टिकत नाही. सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) युनिट फाइल लिहा: वेगळा युजर, वर्किंग डिरेक्टरी, 'रीस्टार्ट' ऑन-फेल्युअर आणि 'रीस्टार्टसेक' पाच सेकंद. शेवटचं विसरलात तर सिस्टमडी फक्त १०० मिलिसेकंद थांबून प्रोग्राम पुन्हा उठवतो, आणि १० सेकंदांत पाच वेळा उठवून झालं की सोडून देतो. 'स्टार्ट'बरोबर 'एनेबल'ही करा, नाहीतर पुढच्या बूटला सर्व्हिस येणार नाही. युनिट तुमच्या स्वतःच्या युजरखाली ठेवलं असेल तर त्या युजरसाठी लॉगिनसीटीएल कमांडने लिंगर (लॉगिन नसतानाही युजरच्या सर्व्हिसेस चालू ठेवणं) एनेबल करा. ते नसेल तर तुमचं शेवटचं लॉगिन संपताच सिस्टमडी तेही आवरतो.